हेराचा कोट दिसता कामा नये

पिरियड फिल्मच्या, म्हणजे जुन्या काळात घडणाऱ्या चित्रपटाच्या, कॉश्च्युममध्ये मला पहिलं काम मिळालं ते एका हेरपटावर. कथा 1964 च्या जानेवारीतल्या बर्लिनमध्ये घडणारी, भिंत उभी राहून अडीच वर्षं झालेली. स्क्रिप्ट हातात पडली त्याच रात्री मी झपाटल्यासारखी बसून मूडबोर्ड, म्हणजे संदर्भचित्रांचा फलक, तयार केला. पांढरे बूट, मिनी स्कर्ट, मोठे गोल गॉगल, रंगीत चौकोनांचे फ्रॉक, चंदेरी चकत्यांचा ड्रेस. सकाळी डिझायनर बाईंनी तो नीट बघितला आणि एवढंच विचारलं, "यातलं काय घालून एखादी टायपिस्ट त्या जानेवारीत बसची वाट बघत उभी राहिली असती?"

काहीच नाही. इव्ह सां लोराँ या फ्रेंच डिझायनरचा तो चौकोनांचा मॉन्द्रियान ड्रेस 1965 चा. पाको राबानचे धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या चकत्यांचे ड्रेस 1966 चे. मिनी स्कर्ट सर्रास दिसू लागला तो दशकाच्या उत्तरार्धात. 1964 च्या सुरुवातीला बहुतेक बायकांचा स्कर्ट गुडघ्यापाशीच होता. मी 'साठचं दशक' नावाच्या एका पोतडीत सगळं कोंबलं होतं. या क्षेत्रात येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं पाऊल इथेच चुकतं, म्हणून सुरुवात इथूनच करते आहे. दशक विसरा, वर्ष धरा. जमलं तर महिना धरा.

त्यानंतर बाईंनी मला जे काम दिलं ते अजूनही मी प्रत्येक पिरियड फिल्मला करते. प्रत्येक पात्राच्या कपाटाचं वय काढायचं. 1964 मधल्या माणसाच्या अंगावर सगळं 1964 चं नसतं. पन्नाशीच्या कारकुनाचा ओव्हरकोट त्याने 1954 मध्ये घेतलेला असेल, खांदे भरलेले, घेर मोठा. टाय कुणीतरी गेल्या नाताळात दिलेला, म्हणून तो तेवढा अरुंद आणि नवा. बूट तीनदा तळ बदललेले. त्याच्या मुलीकडे मात्र एकच चांगला कोट, पण यंदाचा. आमच्या नायकासाठी मी वहीत प्रत्येक कपड्यापुढे तीन गोष्टी लिहिल्या होत्या: कधी घेतला, कुठल्या पैशाने घेतला, शेवटचा कधी दुरुस्त केला. ही वही पुढे दिग्दर्शकापासून मेकअपदादांपर्यंत सगळ्यांनी चाळली. दिग्दर्शकाला मिनी स्कर्ट हवाच होता. वही बघून त्यांनी तो हट्ट सोडला.

संदर्भ कुठून घ्यायचे, हे नवीन मुलं हमखास विचारतात. फॅशनची मासिकं बघाच, पण त्यांत फॅशन कुठे निघाली आहे ते दिसतं, लोक कुठे पोचले आहेत ते दिसत नाही. लोकांनी खरोखर काय विकत घेतलं ते कळतं पोस्टाने माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या कॅटलॉगमधून. सिअर्ससारख्यांचे जाडजूड कॅटलॉग सोन्याच्या खाणी आहेत. आणि अंगावर काय होतं ते कळतं न्यूजरील आणि रस्त्यावरच्या फोटोंतून. घरगुती शिवणाच्या पॅटर्नची पाकिटं जपून ठेवा. सिम्प्लिसिटी, बटरिक, मॅकॉल्स यांच्या पाकिटात कागदी बेतणीच मिळते, म्हणजे त्या काळचा कप कुठे होता, बाही कशी बसवली, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन या संग्रहालयांचे कपडे ऑनलाइन बघता येतात. मी एकेका कोटाच्या फोटोवर तास तास घालवलेत.

पूर्व बर्लिनच्या बाबतीत आणखी एक सोपा समज मोडावा लागला. पश्चिमेला रंग, पूर्वेला राखाडी, अशी वाटणी पडद्यावर इतक्यांदा झाली आहे की आपण तीच खरी मानतो. पूर्व जर्मनीत 'झिबुले' नावाचं फॅशनचं मासिक 1956 पासून निघत होतं, आणि त्यातली छायाचित्रं आजही थांबून बघावीत अशी आहेत. तिथल्या नायलॉनचं नाव डेडेरॉन. देशाच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ते घडवलेलं. या डेडेरॉनचे फुलाफुलांचे घरगुती एप्रन इतके भडक होते की आमच्या सेटवर सगळ्यांत जास्त रंग पूर्वेकडच्या एका स्वयंपाकघरात होता. फरक रंगाचा कमी आणि कापडाच्या पोताचा जास्त होता. तिथे आम्ही लोकर जाड घेतली आणि बायकांच्या फ्रॉकांना घरच्या शिवणीचा हात ठेवला.

आता हेराकडे वळू. हेरपट म्हटला की डोळ्यांसमोर ट्रेंचकोट, तिरकी हॅट आणि झकपक सूट येतो. 1962 च्या पहिल्या बाँडपटातले सूट लंडनच्या अँथनी सिंक्लेअर या टेलरने शिवले होते, आणि त्यांचा साधेपणा अभ्यासण्यासारखाच आहे. पण प्रत्यक्ष हेरगिरीत कपड्याचं काम उलटं असतं. सीआयएच्या वेषांतर विभागाच्या प्रमुख राहिलेल्या जोना मेंडेझ निवृत्तीनंतर याबद्दल जाहीरपणे भरपूर बोलल्या आहेत. कुणाच्या लक्षात न राहणारा माणूस बनवणं हे त्यांचं ध्येय. माणसाला जास्त उंच, जास्त जाड, जास्त वयस्क करता येतं, पण उलट दिशेने जाता येत नाही, कारण वेषांतरात फक्त भर घालता येते. हे वाक्य मी आमच्या ट्रायलरूमच्या भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

मला त्याहून जास्त भिडलं ते दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं काम. 1940 मध्ये स्थापन झालेली एसओई ही संस्था शत्रूच्या ताब्यातल्या युरोपात आपली माणसं उतरवायची. ती माणसं ब्रिटिश कपड्यांत उतरली असती तर पहिल्याच झडतीत पकडली गेली असती. म्हणून आश्रयाला आलेल्या निर्वासितांकडून त्यांचे जुने कपडे आणि सुटकेसी विकत घेतल्या गेल्या, युरोपातून आलेल्या शिवणकाम करणाऱ्यांकडून तिकडच्या पद्धतीने कपडे शिवून घेतले गेले, लेबलं आणि धोब्याच्या खुणा काढल्या गेल्या. कॉलरची ठेवण, बटण शिवायची पद्धत, शिवणीची माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड), सगळं बघितलं जायचं. हे वाचलं त्या दिवशी माझी या कामाकडे बघायची नजरच बदलली. आपण जे कॅमेऱ्यासाठी करतो ते त्या लोकांनी जीव वाचवण्यासाठी केलं होतं. त्यांचा प्रेक्षक कंदील घेऊन कोटाच्या आत बघणारा होता.

म्हणूनच सांगते, आतून शिका. एक जुना, फाटलेला, टाकून द्यायच्या लायकीचा साठच्या दशकातला कोट मिळवा आणि उसवा. मी पहिला कोट उसवला तेव्हा दोन दिवस लागले. अस्तर सुटलं, आणि आत घोड्याच्या केसांचा करकरीत कॅनव्हास निघाला. लॅपलच्या, म्हणजे कॉलरखाली छातीवर दुमडलेल्या पट्टीच्या, पोटात शेकडो बारीक तिरके हातटाके होते. एकही टाका बाहेरच्या कापडातून आरपार गेलेला नव्हता, फक्त एखाददुसरा धागा उचलून परतलेला. त्या टाक्यांमुळे लॅपल इस्त्रीशिवायही स्वतःहून वळतो. आजच्या स्वस्त कोटात तो थर गरम करून चिकटवलेला असतो, त्यामुळे लॅपल पुठ्ठ्यासारखा सपाट पडतो. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण 'हा कोट आजचा आहे' हे त्याला जाणवतं.

मापांचंही तेच. त्या वर्षांत लॅपल अडीच-पावणेतीन इंचांचा. पँटची कंबर थेट बेंबीपाशी. टाय अरुंद, आणि पँट वर असल्यामुळे लांबीलाही आखूड. जुना अस्सल टाय आजच्या खाली बसणाऱ्या पँटवर बांधून बघा, मध्ये शर्टाची पट्टी दिसेल. आमच्या गर्दीतल्या कलाकारांवर हीच चूक पहिल्या दिवशी तेरा जणांच्या बाबतीत निघाली. जॅकेटची बटणं लावून ठेवायला सांगून तो दिवस निभावला.

जुने कपडे विकत घेताना वय ओळखायची सवय लावा. चेन धातूची की नायलॉनची. धुण्याच्या सूचनांचं लेबल शिवलेलं असेल तर सावध व्हा. अमेरिकेत ते सक्तीचं झालं 1972 मध्ये. बगलेचं कापड उन्हात धरा, विरलेलं असेल तर तो कपडा फक्त बेतणी घेण्यापुरता.

सगळ्यांत महागात पडलेली चूक माझीच होती. नायिकेचा लोकरीचा सरळ फ्रॉक मी 1963 च्या अस्सल पॅटर्नवरून बेतला. मांजरपाटावर ट्रायल झाली, मग खरं कापड कापलं. लुक टेस्टला तो अंगावर चढला आणि काहीतरी बिनसलेलं दिसलं. मी कंबर आत घेतली, खांदा उचलला, कप सरकवले. तिसऱ्यांदा उसवायला बसले तेव्हा आमच्या ज्येष्ठ ड्रेसरबाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "अगं, आत काय घातलंय तिने?" आत आजची मऊ ब्रा होती. त्या काळचा फ्रॉक शिवला जायचा तो गर्डलने आवळलेल्या पोटावर आणि ताठ, वर उचललेल्या छातीवर. आम्ही तसे आतले कपडे शिवून घेतले, गार्टरला अडकवलेले मोजे दिले. तिची बसण्याची ढबच बदलली, ती खुर्चीच्या कडेवर पाठ न टेकता बसू लागली. आणि माझा फ्रॉक, पहिल्या बेतणीचा, अगदी बरोबर बसला. उसवून उसवून त्याची माया संपली होती, म्हणून नवा कापावा लागला. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी आतले कपडे, मग बूट, मग मापं.

नायकाचा राखाडी ओव्हरकोट हा एकच कोट दिसतो, पण आमच्याकडे तसे सात होते. दोन जवळच्या शॉटसाठी, दोन स्टंटसाठी एक साइज मोठे (आत पॅडिंग असतं), एक हार्नेससाठी पाठीत फट ठेवलेला, एक पावसासाठी, एक गोळी लागते त्या शॉटसाठी. उजव्या हाताचा माणूस पिस्तूल डाव्या बगलेत ठेवतो, म्हणून आतल्या जॅकेटची डावी बाजू मास्टरनी थोडी सैल कापली होती. पहिल्या ट्रायलपासून नटाला डमी होल्स्टर घालायला लावा, नाहीतर शूटिंगच्या दिवशी छातीवर गाठ आल्यासारखं दिसेल.

सातही कोट सारखेच जुने दिसायला हवेत, हे खरं किचकट काम. खिशांत वजन घालून ते ओले टांगले, म्हणजे खिसे नैसर्गिक ओघळतात. कोपरं आणि बाह्यांच्या कडा सँडपेपरने घासल्या. दुसरं बटण थोडं ढिलं, त्याचा दोरा किंचित वेगळ्या रंगाचा, कारण वहीत लिहिलं होतं की ते त्याने स्वतः परत शिवलंय. ते बटण मी सात वेळा त्याच पद्धतीने शिवलं. त्यातल्या एका कोटावर ते आधी राहूनच गेलं होतं. कंटिन्युइटीच्या, म्हणजे शॉटमागून शॉट सगळं सारखं राहतंय ना हे तपासायच्या, फोटोत सापडलं म्हणून वाचलो. तेव्हा फोटो काढा, समोरून, मागून, बाहीचा, बुटांचा, प्रत्येक बदलाच्या वेळी. कंटाळा आला तरी काढा.

एक तांत्रिक गोष्ट. बारीक चेक आणि हाउंडस्टूथ (दातेरी चौकटींची नक्षी) ही त्या काळची लाडकी कापडं, पण डिजिटल कॅमेऱ्यात त्यांच्यावर लाटांसारखी थरथर दिसू शकते. थान घेण्याआधी अर्धा मीटर आणून कॅमेरा टीमकडून, वेगवेगळ्या अंतरांवरून तपासून घ्या. पॉलिस्टर दिव्याखाली वेगळं चकाकतं, तेही तिथेच कळतं.

सीमेवरच्या तपासणी नाक्याच्या सीनमध्ये साठेक माणसं बर्फात रांगेत उभी होती. मॉनिटरवर वाइड शॉट लागला आणि मला नायक सापडेना. मी घाबरून डिझायनर बाईंकडे बघितलं. त्या हसत होत्या. मग त्याने मान वळवली, आणि तेव्हा कुठे तो दिसला.

शेवटचं शेड्यूल संपल्यावर कपडे धुवायला देण्याआधी सगळे खिसे तपासायचं काम माझ्याकडे होतं. असिस्टंटने ते नेहमी करावं. सुरुवातीला मी एक नंबरच्या कोटाच्या उजव्या खिशात आर्ट डिपार्टमेंटकडून घेतलेलं बसचं तिकीट ठेवलं होतं. पडद्यावर ते एकदाही येत नाही, आणि नटाला मी त्याबद्दल काही बोललेही नव्हते. हात घातला तर तिकीट तिथेच होतं. चाळीस दिवस कुणाच्या तरी अंगठ्याखाली फिरून कापसासारखं मऊ झालेलं, त्यावरची छपाई पूर्ण पुसलेली.