लिंगसंक्रमणाचे पहिले वर्ष आणि केस: या चुका टाळा

लिंगसंक्रमणाला नुकतीच सुरुवात केलेल्या ट्रान्स स्त्रीला आरशासमोर सर्वांत आधी छळतात ते केस, आणि तेही दोन्हीकडून: डोक्यावर जे हवेत ते अजून आलेले नसतात आणि गालावर जे नकोत ते रोज सकाळी हजर असतात. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत विग, तेले, गोळ्या, क्रीम, थ्रेडिंग, स्मूदनिंग असे सगळे एकदम सुरू होते. या घाईमागची तगमग मला पूर्ण समजते, कारण घराबाहेर पडले की लोकांची नजर आधी चेहऱ्यावर आणि केसांवरच जाते आणि ती नजर दर वेळी दयाळू नसते. तरीही सांगावेसे वाटते, की या वर्षात होणारे बहुतेक नुकसान क्रम चुकल्यामुळे होते. डोक्यावरचे केस काही न करताही वाढतात, दाढी मात्र आपोआप जात नाही. केस वाढायला लागणारा काळ दाढीच्या उपचारासाठी वापरायचा, हे ज्यांच्या लवकर लक्षात येते त्यांचा पैसाही वाचतो आणि मनस्तापही.

औषधांनी दाढी जाईल म्हणून थांबणे

इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक सुरू झाले आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक रोखणारी औषधेही सुरू झाली की दाढीही हळूहळू नाहीशी होईल, असे समजून वर्षभर वाट पाहणाऱ्या अनेकजणी असतात. छाती, पोट, हात-पाय यांवरचे केस साधारण सहा महिने ते वर्षभरात विरळ होऊ लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला तीन वर्षांहून अधिक काळ लागू शकतो, हे खरे आहे. दाढीचे केस मात्र एकदा राठ झाले की औषधांनी फार तर त्यांची वाढ थोडी मंदावते. मुळे जागच्या जागी राहतात. ती काढायची तर लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस हेच दोन मार्ग आहेत, आणि दोन्हींना वेळ लागतो.

लेझरचा प्रकाश केसातले काळे रंगद्रव्य शोषून घेते आणि त्या उष्णतेने मूळ निकामी होते. म्हणूनच पांढऱ्या केसांवर लेझरचा उपयोग होत नाही, आणि पस्तिशी-चाळिशीत संक्रमण सुरू करणाऱ्यांनी दाढी पिकायची वाट न पाहता लेझर लवकर सुरू करावे. जे केस आधीच पांढरे झाले आहेत त्यांच्यासाठी इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई नेऊन विजेने ते मूळ नष्ट करणे, एवढाच उपाय उरतो. तो चिकाटीचा आणि खर्चिक आहे.

आपल्याकडच्या सावळ्या त्वचेसाठी यंत्र कोणते वापरले जाते हा प्रश्न क्लिनिकमध्ये पाऊल टाकताच विचारावा. सावळ्या आणि गडद त्वचेवर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे एनडी-याग लेझर सर्वांत सुरक्षित मानले जाते, कारण ते त्वचेच्या वरच्या थरातल्या रंगद्रव्याला कमी धक्का लावते. ७५५ नॅनोमीटरचे अलेक्झांड्राइट लेझर गोऱ्या त्वचेसाठी ठीक, पण आपल्या त्वचेवर भाजण्याची आणि डाग पडण्याची शक्यता वाढवते. "आमचे मशीन सगळ्यांना चालते" असे उत्तर मिळाले तर तिथून सरळ बाहेर पडावे. घरी वापरायची आयपीएल (लेझरऐवजी तीव्र प्रकाशाचे झोत टाकणारी) यंत्रे गडद त्वचेसाठी नसतात आणि दाढीच्या राठ केसांपुढे ती तोकडीही पडतात. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने आठ-दहा किंवा त्याहून अधिक बैठकी लागतील, हे सुरुवातीलाच गृहीत धरावे. दोन बैठकींनंतर दाढी परत आली म्हणून उपचार सोडणे ही फार महागात पडणारी चूक आहे. कमी ऊर्जेवर उरकलेल्या लेझरने जबड्याच्या कडेला आणि मानेवर उलट नवे केस उगवण्याचा प्रकारही दक्षिण आशियाई त्वचेत आढळतो. तसे दिसले तर लपवून न ठेवता डॉक्टरांना दाखवावे, म्हणजे यंत्राची मात्रा बदलता येते.

लेझर चालू असताना चिमटा, थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि एपिलेटर पूर्ण बंद ठेवावे लागतात, आणि पहिल्या बैठकीआधीही चार ते सहा आठवडे. केस उपटला की त्वचेखालचा त्याचा भागही काही आठवडे नाहीसा होतो, मग तेवढा काळ लेझरला पकडायला काही उरत नाही. दाढी करायला मात्र हरकत नसते, किंबहुना आदल्या दिवशी ती करूनच जायचे असते. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की आपल्याकडे तृतीयपंथी समाजात चिमट्याने एकेक केस उपटून चेहरा साफ ठेवण्याची जुनी रीत आहे आणि नवख्या मुलींना ती गुरू-चेल्यांच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्यांकडून आपुलकीने शिकवली जाते. त्या आपुलकीचा मान राखूनही सांगायला हवे, की वर्षानुवर्षे उपटलेल्या हनुवटीवर आत वळलेले केस, पुटकुळ्या आणि काळे डाग राहतात, आणि पुढे लेझर करणाऱ्याचे काम ते डागच अवघड करतात.

निळसर छाया फाउंडेशनने बुजवणे

गुळगुळीत दाढी केल्यावरही हनुवटीवर आणि ओठावर जी निळसर-राखाडी छाया राहते ती त्वचेखालच्या काळ्या मुळांची असते. तिच्यावर त्वचेच्या रंगाचे फाउंडेशन कितीही थापले तरी ती राखाडीच दिसते, आणि दुपारपर्यंत घामाने तो थर फुटला की चेहरा अधिकच विचित्र वाटतो. निळ्यावर उतारा नारिंगीचा. आंघोळीनंतर, त्वचा मऊ असताना, नव्या ब्लेडने आधी केसांच्या दिशेने आणि मग आडवी दाढी करावी. उलट्या दिशेने खरवडून केलेल्या दाढीने मानेवर लाल पुटकुळ्या येतात. त्वचा शांत झाल्यावर मॉइश्चरायझर, मग फक्त छाया असलेल्या भागावर नारिंगी करेक्टरचा पातळ थर, तोही बोटाने न चोळता हलके हलके दाबून. त्यावर सुटी पावडर, आणि ती बसल्यावरच स्वतःच्या रंगाचे फाउंडेशन, पुन्हा पातळच. हा क्रम पाळला तर अर्ध्याहून कमी सामानात काम होते. चेहरा बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली तपासू नये, खिडकीशी जाऊन दिवसाच्या उजेडात पाहावा. रंगभूमीवरची रंगभूषा दूर बसलेल्या प्रेक्षकांसाठी असते, आपल्याला लोक बसच्या बाकावर शेजारी बसून पाहणार असतात.

याच जागी आणखी एक धोका दबा धरून असतो. औषधांच्या दुकानात डॉक्टरांची चिठ्ठी न दाखवता मिळणाऱ्या, "चेहरा उजळतो" म्हणून शेजारणीने सुचवलेल्या कित्येक मलमांमध्ये बीटामेथासोन किंवा मोमेटासोनसारखे स्टेरॉइड असते. पहिले काही दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो, नंतर त्वचा पातळ होते, लाल पडते, उन्हात आग होते, आणि ज्या केसांपासून सुटका हवी होती तेच चेहऱ्यावर वाढू लागतात. अशी मलमे बरेच दिवस लावली असतील तर एकदम न सोडता त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने सोडावीत.

केस वाढवताना कात्रीला घाबरणे

डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. बारीक कापलेले केस हनुवटीपर्यंत यायला दीड वर्षाच्या आसपास आणि खांद्यावर रुळायला त्याहूनही अधिक काळ लागतो, हे गणित कोणत्याही तेलाने बदलत नाही. मधल्या काळात एकदाही कात्री लावायची नाही असा पण केला जातो आणि मग मानेवरचे केस वरच्यांपेक्षा लवकर लांब होऊन मागे शेपटी लोंबू लागते. आपल्याला हवी असते ती रेषा नेमकी याच्या उलट आहे: मानेवरचे केस दोन-तीन महिन्यांनी थोडे थोडे कमी करत जावे आणि वरचे व बाजूचे केस त्यांना येऊन मिळू द्यावेत. असे केले तर सहाव्या-सातव्या महिन्यातच पिक्सी कटसारखा, म्हणजे मानेवर आखूड आणि वर थोडा लांब असा आकार हाती येतो, आणि तो कितीतरी स्त्रिया हौसेने ठेवतात. लांब वेणी नाही म्हणजे स्त्री म्हणवून घेण्याचा हक्क अजून आलेला नाही, असे वाटून कुढणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला, तेव्हा केसांच्या लांबीची अट कुठेही घातली नव्हती.

वयात आल्यावर टेस्टोस्टेरॉनमुळे कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतली केसांची रेषा मागे सरकते. केस मागे वळवून घट्ट बांधले की ते कोपरे उघडे पडतात, आणि तरीही "बायकी दिसेल" म्हणून पहिला मोह अंबाड्याचाच होतो. त्याऐवजी भांग किंचित बाजूला घ्यावा आणि कपाळावर येतील अशा बटा कापून घ्याव्यात. चेहऱ्यात फरक पडतो तो या दोन साध्या गोष्टींनी. घट्ट अंबाडा, ओढून घातलेली वेणी, आखूड केसांना अडकवलेले जड गंगावन आणि त्यावर भरगच्च गजरा, हे सणासमारंभाला एखाद्या दिवशी ठीक आहे. रोजच्या ओढीने मात्र कानशिलांजवळचे केस मुळापासून सैल होतात आणि बरीच वर्षे असेच चालले तर तिथे कायमचे टक्कल पडते. आधीच मागे सरकलेली रेषा आणखी मागे नेणे कोणालाच परवडणारे नाही.

गळतीवर गोळ्या आणि बाटल्या स्वतःच सुरू करणे

टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखला गेला की पुरुषी पद्धतीची गळती बहुधा काही महिन्यांत थांबते. थांबते, म्हणजे आहेत ते केस टिकतात. जिथे चकाकणारे टक्कल पडले आहे तिथे पूर्वीसारखे दाट केस येतील अशी आशा डॉक्टरही देत नाहीत. अलीकडे विरळ झालेल्या भागात मिनॉक्सिडिल या टाळूवर लावायच्या औषधाचा उपयोग होतो, पण त्याच्याबाबत दोन गोष्टी कोणी सांगत नाही. पहिले काही आठवडे केस उलट अधिक गळतात, आणि घाबरून तेव्हाच औषध सोडले तर केलेले सगळे वाया जाते. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाची: रात्री उशिरा लावून लगेच झोपले तर ते ओघळून किंवा उशीवरून कपाळाला आणि गालाला लागते आणि तिथेही केस वाढवते. झोपण्याच्या बऱ्याच आधी लावावे, वाळू द्यावे, हात धुवावेत.

बायोटिनच्या (ब गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या) गोळ्या तर जवळजवळ सगळ्याच घेतात. आहारात कमतरता नसेल तर त्यांनी केसांना फारसे काही मिळत नाही, पण मोठ्या मात्रेतले बायोटिन रक्ताच्या कित्येक तपासण्यांचे आकडे बिघडवते; त्यांत थायरॉइड आहे, आणि काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत इस्ट्राडिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) व टेस्टोस्टेरॉनही. त्या चुकीच्या आकड्यांवरून डॉक्टर औषधाची मात्रा बदलतात. रक्त देण्याआधी ही गोळी किती दिवस बंद ठेवायची ते विचारावे आणि आपण ती घेतो हे सांगावे. गळती एकाएकी वाढली असेल तर दोन-तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू, टायफॉइड, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपाशी राहून वजन उतरवणे असे काही झाले होते का ते आठवावे, आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी १२ तपासून घ्यावे.

कोणीतरी सांगितले म्हणून गर्भनिरोधक गोळ्या दुप्पट-तिप्पट घेणे ही मात्र केसांपुरती मर्यादित राहणारी चूक नाही. त्यांतल्या बहुतेक गोळ्यांमध्ये असलेले एथिनाइल इस्ट्राडिऑल रक्तात गुठळ्या होण्याचा धोका बराच वाढवते, धूम्रपान करणाऱ्यांत तर अधिकच. पोटरी एकाच बाजूने सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि काय घेतले ते न लाजता सांगावे. सध्याच्या उपचारांत वेगळे इस्ट्राडिऑल वापरतात आणि ते अंतःस्रावतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, रक्ततपासणी करत घ्यायचे असते.

विग: घाईची खरेदी

केस वाढेपर्यंत विग वापरणे यात कमीपणाचे काही नाही. चूक होते ती फोटो पाहून कमरेपर्यंतचा, भरगच्च विग मागवण्यात. नैसर्गिक डोक्याची घनता विगच्या मापात साधारण १३० टक्क्यांच्या आसपास असते. १८० टक्क्यांचा विग कपाळावर टोपासारखा बसतो. खांद्यापर्यंतचा, लेस फ्रंटचा (पुढची कड बारीक जाळीची असलेला), पुढे बटा असलेला विग रोजच्या वापराला सोपा. कपाळावरून कानांमागून मानेपर्यंत टेपने डोक्याचा घेर मोजूनच मागवावा, आणि भांगाची रेषा फार पांढरी दिसत असेल तर तिथे आपल्या त्वचेच्या रंगाची थोडी पावडर लावावी. सिंथेटिक केस गॅसजवळ वितळतात, ओव्हनची वाफही त्यांना पुरते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत दिवसभर विग घातला तर टाळू रोज धुऊन कोरडी करावी, विगखाली ओले केस दाबून ठेवू नयेत, आणि चिकटवण्याचा गोंद आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावा. टिकलीच्या गोंदानेही कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. तसा पडू लागला तर ती टिकली बंद करून कुंकू गंधासारखे लावावे.

भुवयांबद्दल एवढेच, की पहिल्याच वेळी त्या दोऱ्याएवढ्या करून घेऊ नयेत. खालच्या बाजूचे सुटे केस काढले तरी डोळा मोकळा दिसतो, आणि जास्त गेलेली भुवई भरून यायला काही महिने लागतात.

पार्लरमध्ये थेट जाऊन दारातून परत येण्यापेक्षा आधी फोन करावा: "ताई, मी ट्रान्स स्त्री आहे, केस वाढवते आहे, लांबी कमी न करता मानेवरचे केस नीट करून हवेत, तुमच्याकडे होईल का?" उत्तरातल्या आवाजावरूनच पुष्कळ कळते. गर्दी टाळायची तर शनिवार-रविवार सोडून दुपारची वेळ मागावी. एकदा अशी समजूतदार ताई सापडली की केस, भुवया, बटा सगळे तिच्याकडूनच करून घ्यावे, कारण आपले केस कुठून कुठे आले आणि मागच्या खेपेला काय कापले होते हे लक्षात ठेवणारे माणूस या वर्षात फार कामाला येते.