हवाला कुठाय? मुलांना फॉरवर्डची तहकीक शिकवताना

‘खोट्या बातम्या पसरवू नका’ असं सांगितलं की मुलं मान डोलावतात, आणि थोड्या वेळाने ‘हा मेसेज ११ जणांना पाठवा, खुशखबर मिळेल’ हे बिनधास्त पुढे ढकलतात. मी दीनियातच्या, म्हणजे इस्लामी धर्मशिक्षणाच्या, वर्गात शिकवते. माझी सुरुवात मुद्दाम दीनी फॉरवर्डपासूनच असते. राजकारणाच्या बातमीवर मूल शंका घेतं, पण वर ‘बिस्मिल्लाह’ आणि खाली ‘हदीस’ (पैगंबरांचं वचन) दिसलं की शंका घेणंच त्याला गुनाह वाटतं. ही भीती आधी काढावी लागते.

त्यासाठी कुरआनमधल्या सूरह हुजुरात या अध्यायाची सहावी आयत घ्या. खबर आली की आधी तहकीक, म्हणजे खातरजमा, करा, असा तिथे थेट हुकूम आहे. नुसती पाठ करून घेऊ नका, तफसीरमध्ये (कुरआनवरच्या भाष्यात) येणारा किस्साही सांगा. बनू मुस्तलिक कबिल्याकडे जकात (धर्माने बंधनकारक केलेलं दान) आणायला एक जण निघाला. लोक त्याला घ्यायला बाहेर आले, त्याला वाटलं मारायला आले. तो वाटेतूनच परतला आणि मदिन्यात सांगितलं की त्यांनी जकात नाकारली. इथे गोष्ट थांबवून विचारा: त्याने पाहिलं काय आणि सांगितलं काय? लहान मुलंही फरक अचूक पकडतात.

मग सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी. इमाम बुखारींसारख्या मुहद्दिसांनी (हदीसच्या जाणकारांनी) प्रत्येक हदीसमागे कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी तपासली, एकेका रावीची, म्हणजे सांगणाऱ्याची, पारख केली. मुलांना हेच फळ्यावर करायला लावा. मेसेज कुणी पाठवला? खालाने (मावशीने). खालाला? तिच्या ग्रुपवरून. ग्रुपवर कुणी टाकला? इथे वर्ग गप्प होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन बाणांची खूण दिसली तर तो मजकूर पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय, म्हणजे मधल्या एकाही रावीचं नाव उरलेलं नाही.

हदीस म्हणून काही आलं तर किताबचं नाव आणि नंबर मागायचा. ‘सही बुखारी’ (इमाम बुखारींचा हदीससंग्रह) एवढं कुणीही लिहितं. मोठ्या मुलांना सुन्ना डॉट कॉमवर शोधायला शिकवा. पण सापडली म्हणजे सही, म्हणजे अस्सल, असं नव्हे. तिर्मिझी, इब्ने माजा या हदीसच्या किताबांत जईफ (कमकुवत) रिवायतीही आहेत, तेव्हा दर्जा बघायचा, नाही कळला तर आलिमांना विचारायचं. ‘रमजानची खबर सर्वांत आधी देणाऱ्यावर जहन्नम हराम’ हे दरवर्षी येतं. तेच शोधायला द्या. हदीसच्या भरवशाच्या किताबांत ते मिळत नाही, आणि हे मुलांनी स्वतः शोधून काढलं तर पुन्हा सांगावं लागत नाही.

आपल्याला खूश करणारी खबर सगळ्यांत अवघड. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली आणि इस्लाम कबूल केला, ही गोष्ट इतकी पसरली की १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला आपल्या दूतावासांना कळवावं लागलं की हे खरं नाही. तरी ती अजून फिरते. मी मुलांना विचारते, ही खोटी ठरली तर आपला दीन कमी होतो का?

जुल्माच्या व्हिडिओबाबत मात्र मी कडक आहे. गूगल लेन्समध्ये त्यातलं एक चित्र टाकून ते आधी कधी, कुठे आलं होतं ते बघितल्याशिवाय पाठवायचं नाही. भलत्याच देशातला जुना व्हिडिओ आपण फिरवला की ज्यांच्यावर खरंच जुल्म झालाय त्यांनाही लोक खोटं ठरवतात. दुसऱ्या कौमबद्दलच्या खबरीलाही हीच कसोटी. तिथे ढिलाई मी चालवून घेत नाही.

वर्गातल्या मुलीचा स्क्रीनशॉट, कुणाच्या घरातली भानगड, हे खरं असलं तरी फॉरवर्ड करायचं नाही. ती गीबत, म्हणजे पाठीमागची निंदा, झाली. यावर चर्चा नाही.

उरतो घरच्या ग्रुपचा प्रश्न. नवं शिकलेलं मूल दादीला सगळ्यांसमोर ‘हे फेक आहे’ म्हणून मोकळं होतं आणि घरात वादळ उठतं. त्याला वेगळा मेसेज लिहायला शिकवा: ‘दादीजान, याचा हवाला मिळेल का? मला वर्गात दाखवायचाय.’ बऱ्याचदा दादी स्वतःच शोधायला लागतात. नाहीच शोधला, तर आपल्या फोनवरून तो मेसेज पुढे जात नाही, इतकंच मुलाच्या हातात आहे.