सीनियर फोटोला काय घालावं?
अमेरिकेत बारावीच्या मुलांचे सीनियर पोर्ट्रेट बहुधा शेवटचं वर्ष सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात काढतात. इयरबुकसाठी, म्हणजे शाळेच्या वार्षिक फोटो-पुस्तकासाठी, बऱ्याच ठिकाणी स्टुडिओच काळा ड्रेप (खांद्यांभोवती घ्यायचं कापड) नाहीतर टक्सिडो (समारंभाचा काळा सूट) देतो, म्हणून आधी शाळेचा नियम बघा. खरी निवड उरते ती बाहेरच्या फोटोंची. अगदी बारीक रेघांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात त्यावर लाटा उमटतात. निऑन रंगाची झाक थेट हनुवटीखाली पडते. गडद निळा, मरून, मोरपंखी सहसा खुलतात.

एक जोड आपल्याकडचा ठेवाच. आजीची पैठणी नेसवणार असाल तर ब्लाउज आठवडाभर आधी घालून बघा. आमच्या लेकीचा ऐन वेळी काखेत उसवला, मग सगळे फोटो पदर पुढे ओढून! आणि कपडे घडी घालून नाही, हँगरवरच न्या.