बिरड्याचा सण: वाल भिजवण्यापासून उपास सुटेपर्यंत

यरुशलेमचं पहिलं मंदिर इ.स.पू. 586मध्ये बाबिलोन्यांनी पाडलं, दुसरं इ.स. 70मध्ये रोमनांनी. त्या शोकाचा दिवस म्हणजे ज्यू पंचांगातल्या आव महिन्याची नववी, तिशा बेआव. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, त्याला बिरड्याचा सण म्हणत आले, कारण उपासाआधी जेवणात बिरडं-भात. हा दिवस येतो ऐन पावसात, आषाढ किंवा श्रावण शुद्ध नवमीच्या आगेमागे. गारव्यात मोड उशिरा येतात, तेव्हा वाल दोन रात्री आधीच भिजत घाला.

चार-पाच जणांना पाव किलो कडवे वाल पुरतात. 10-12 तास भिजवून पाणी पूर्ण निथळू द्या, मग फडक्यात बांधून उबेला ठेवा. पाणी राहिलं तर वाल बुळबुळीत होऊन वास मारतात. मोड आले की 15 मिनिटं कोमट पाण्यात टाका. चिमटीत दाबल्यावर डाळिंबी सालातून अलगद सुटली पाहिजे. सुटत नसेल तर ओरबाडू नका, आणखी थोडा वेळ पाण्यात राहू द्या.

तेलात मोहरी, हिंग, हळद. डाळिंब्या बुडतील एवढं गरम पाणी घालून मंद आचेवर शिजवा. डावाने ढवळलं की त्या मोडतात, म्हणून पातेलंच हलवा. आमसुलं शिजल्यावरच घाला, आंबट आधी पडलं तर दाणा कडक राहतो. नारळाचं दूध शेवटी, उकळी येऊ न देता. मीठ-तिखट बेतानेच, कारण पुढे जवळजवळ 25 तास पाण्याचा घोटही नाही. पाणी दुपारपासूनच थोडं थोडं पीत राहा. आजाऱ्याने मात्र उपास धरू नये.

सूर्यास्ताआधी जमिनीवर, वेगवेगळं बसून जेवा. तिघांनी मिळून जेवणानंतरची प्रार्थना म्हणायची नाही. उपास शनिवारी संध्याकाळी लागत असेल तर हे शोकाचं जेवण नसतं. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिवशी, शोक नाही आणि चूलही नाही, म्हणून बिरडं हवंच असेल तर शुक्रवारीच शिजवून ठेवा.

रात्री सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, चामड्याची पादत्राणं न घालता जा. दिवे मंद असतात, खाली बसून एखा, म्हणजे विलापगीत, वाचतात. प्रार्थनेत तोंड पश्चिमेला, कारण इथून यरुशलेम तिकडे आहे.

इस्राएलमधल्या दिमोना-अश्दोदच्या नातलगांना या दिवशी शालोम, म्हणजे नमस्कार, म्हणायचं नसतं. बोलायचंच असेल तर आपला उपास सुटल्यावर लगेच फोन करू नका. त्यांचा सुटायला आणखी सुमारे तीन तास असतात.