फटाक्यांचा स्टॉल लावताय किंवा घरी फटाके आणताय? आग लागायला कारण ठरणाऱ्या या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की स्टॉलवाल्यांची धावपळ सुरू होते. कुठे तहसील, कुठे पोलीस आयुक्तालय, मग जागेचं पत्र, फायर ब्रिगेडची एनओसी, आणि एकदाचा तो परवाना हातात पडला की बहुतेकांना वाटतं सुटलो बाबा. पण त्या परवान्यासोबत ज्या अटी असतात ना, त्या वाचायचे कष्ट फार कमी लोक घेतात, आणि आगी लागतात त्या नेमक्या तिथेच कुठेतरी ढिलाई झाल्यामुळे लागतात.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे पुढचे नियम आपोआप पटतील. फटाक्याच्या दारूत पोटॅशियम नायट्रेटसारखं ऑक्सिजन पुरवणारं रसायन आधीच मिसळलेलं असतं. त्यामुळे ती आग चादर टाकून किंवा हवा तोडून विझत नाही. गॅसवाला छोटा फायर एक्स्टिंग्विशर मारला तरी आतला माल पेटतच राहतो. म्हणजे स्टॉलमधल्या मालाने एकदा पेट घेतला की तो स्टॉल गेला असंच धरून चाला, आता प्रश्न एवढाच की आतली माणसं बाहेर पडतात का आणि शेजारचा स्टॉल वाचतो का. सगळे नियम याच दोन गोष्टींसाठी केलेत.

देशभर लागू असलेले नियम म्हणजे २००८ चे एक्स्प्लोझिव्हज रूल्स, म्हणजे स्फोटकांचे नियम. त्यातला ८४ नंबरचा नियम फक्त सणासुदीच्या तात्पुरत्या दुकानांसाठी आहे आणि तो अगदी छोटा आहे, कोणीही पाच मिनिटांत वाचू शकेल.

चूक : बांबू, कापड आणि ताडपत्रीचा मंडप

नियम म्हणतो शेड न पेटणाऱ्या सामानाची हवी आणि नीट बंद करता आली पाहिजे. म्हणजे पत्र्याची. पण मंडपवाला स्वस्तात करून देतो म्हणून वर ताडपत्री, बाजूला कापड, समोर झालर असं सगळं उभं राहतं. प्लॅस्टिकची ताडपत्री पेटली की ती वितळून तिचे जळते थेंब खाली टपकतात, आणि खाली काय तर उघडी खोकी. वरून पत्रा आणि पुढे हौसेने लावलेला कापडी पडदा, हेही तितकंच वाईट, कारण ठिणगी आधी पडद्यालाच धरते.

चूक : अंतर "थोडंसं" कमी करणं

दोन शेडमध्ये कमीत कमी ३ मीटर मोकळी जागा, आणि राहती घरं, शाळा, दवाखाने, देवळं यांच्यापासून ५० मीटर. शेडची तोंडं समोरासमोर नकोत. एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकानं नकोत. आता प्रत्यक्षात काय होतं, मैदान लहान, अर्ज जास्त, मग मधल्या ३ मीटरच्या पट्ट्यात कोणीतरी जादाचं टेबल टाकतो, कोणी रिकामी खोकी रचतो, कोणी गाडी लावतो. कागदावर अंतर आहे आणि जमिनीवर नाही. समोरासमोर तोंडं नको हे तर फारच कळीचं, कारण पेटलेल्या स्टॉलमधली रॉकेटं उघड्या बाजूने सुटतात आणि थेट समोरच्या स्टॉलमध्ये शिरतात, गिऱ्हाईक मात्र दोन्हीच्या मध्ये अडकतं.

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार पेटला होता. शंभराहून जास्त स्टॉल खाक झाले, तिथे लावलेल्या गाड्याही जळाल्या. बाजार लागतो अशा कुठल्याही गावातल्या लोकांनी ते व्हिडिओ एकदा बघावेत, एका स्टॉलकडून दुसऱ्याकडे आग कशी जाते ते कळेल.

चूक : लोंबकळणारा बल्ब

माझ्या मते ही सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट आहे. नियम स्पष्ट सांगतो की लाईट भिंतीला किंवा छताला पक्का बसवलेला हवा, वायरला लटकवलेला नको, बटणं भिंतीला घट्ट बसवलेली हवीत, आणि शेडच्या प्रत्येक रांगेला एक मेन स्विच पाहिजे. आणि आपल्याकडे दिसतं काय, एकच एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर चार पिना, वायरचे जोड नुसते पिळून टेप मारलेले, आणि होल्डर वाऱ्याने हलत हलत बरोबर भुईनळ्याच्या खोक्यावर आलेला. हॅलोजन तर अजिबातच नको, तो इतका तापतो की जवळचा पुठ्ठा आधी करपतो मग पेटतो. उदबत्ती, दिवा, समई हेही शेडमध्ये चालत नाही. पूजा करायची असेल तर दुकान भरायच्या आधी करा आणि सगळं विझवून मग माल आत आणा.

मेन स्विच कुठे आहे हे रांगेतल्या प्रत्येक दुकानदाराला आणि कामावरच्या पोराला माहिती पाहिजे. पोराला म्हणजे १८ वर्षांच्या वरच्या, त्याखालच्या मुलांना फटाक्यांच्या कामाला लावताच येत नाही, मग तो आपला पुतण्या असला तरी.

चूक : "एक वाजवून दाखवा ना"

गिऱ्हाईक हट्ट करतं, मालाची खात्री पटवायची म्हणून दुकानदार शेडच्या मागे जाऊन एक लावून दाखवतो. शेडपासून ५० मीटरच्या आत फटाका वाजवायला बंदी आहे, पूर्ण बंदी. केरळमध्ये कासारगोड जिल्ह्यातल्या नीलेश्वरमला ऑक्टोबर २०२४ मध्ये देवळाच्या उत्सवात आतषबाजी चालू होती आणि साठा जवळच ठेवला होता, तो पेटला आणि शंभरावर लोक होरपळले. आपल्या गावच्या जत्रेतही दारू उडवायची जागा आणि साठ्याची जागा किती जवळ असते ते यंदा जरा बघा, आणि समितीतल्या काकांना भीड न ठेवता सांगा.

चूक : जादा माल घरी किंवा गाडीत ठेवणं

परवान्यावर किती किलो ठेवता येईल ते लिहिलेलं असतं. त्यापेक्षा जास्त मागवलेला माल मग जिन्याखाली, पार्किंगमध्ये, टेम्पोत पडून राहतो. बंगळुरूजवळ अत्तिबेलेला ७ ऑक्टोबर २०२३ ला गाडीतून माल उतरवताना दुकान-गोडाऊन पेटलं आणि डझनभराहून जास्त जणांचा जीव गेला, बहुतेक दिवाळीपुरते कामाला आलेले तरुण. बाहेर पडायची वाट मालाने अडवू नका, एवढं तरी कराच. आणि ट्रेनमधून फटाके नेणं हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, "दोनच बॉक्स आहेत बॅगेत" हे तिथे चालत नाही.

आता आपण, विकत घेणारे

सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ ला जो निकाल दिला त्यात दिवाळीला रात्री ८ ते १० हीच वेळ ठरवली, ऑनलाईन विक्री बंद केली, माळा म्हणजे लडी बंद केल्या आणि बेरियम नावाचं रसायन असलेले फटाकेही बंद केले. तरी अजून लोक मेसेजवर लिंक बघून माल मागवतात. ऑनलाईनवाला माल कुठल्या कुरियरच्या गोडाऊनमध्ये कशाशेजारी पडून होता हे कोणालाच माहिती नसतं, म्हणून ते टाळाच. स्थानिक आदेश दरवर्षी वेगळे निघतात, उडते कंदील तर अनेक शहरांत पोलीस आदेशाने बंद असतात, तेव्हा आपल्या पालिकेची आणि पोलिसांची त्या वर्षीची नोटीस बघून घ्या. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं, तिथे फटाके नकोच.

एक गैरसमज फार पसरलाय, ग्रीन फटाका म्हणजे सेफ फटाका. नाही हो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तो बनवला धूर आणि धूळ कमी व्हावी म्हणून. ठिणगी तितकीच गरम, वात तितकीच पेटती. त्यावरचा लोगो आणि क्यूआर कोड बघून घ्या जरूर, पण उडवताना काळजी नेहमीचीच घ्यायची.

फुलबाजी लहान मुलांच्या हातात आपण बिनधास्त देतो. ती जळते हजार डिग्रीच्या आसपास, आणि विझल्यावरची तार बराच वेळ चटका देते. पाण्याची बादली शेजारी ठेवा आणि विझलेली तार लगेच त्यात टाका, अंगणात फेकू नका, कोणाचा तरी अनवाणी पाय पडतोच. रॉकेट बाटलीत तिरकं राहिलं की ते समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत जातं जिथे कपडे वाळत असतात, म्हणून रॉकेट उडवायचं तर मोकळ्या मैदानातच. त्या दिवशी गॅलरीतले कपडे आणि पुठ्ठे आत घ्या. गटाराच्या झाकणावर बॉम्ब लावायची पोरांना हौस असते, खाली साठलेला गॅस पेटून झाकण उडतं. आणि गावाकडच्यांनो, दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची गंजी शेतात किंवा खळ्यावर असते, वरून ताडपत्री टाकलेली. एक भरकटलेलं रॉकेट आणि वर्षभराची कमाई गेली. गंजी, कडबा, उसाचा फड यांच्या बाजूला रॉकेट उडवूच नका.

गडबड झालीच तर

फटाका लावला आणि वाजला नाही, तर वाकून बघू नका, फुंकर नको, परत वात पेटवायची नाही. लांब उभं राहून चांगला वेळ जाऊ द्या, मग लांबूनच बादलीभर पाणी ओता.

स्टॉलमध्ये जळका वास आला की आधी रांगेचा मेन स्विच बंद, मग माणसं बाहेर, मग १०१ किंवा ११२ ला फोन. गल्ला आणि खोकी वाचवायला परत आत जायचं नाही. अजून फक्त पडदाच पेटला असेल तर भरपूर पाणी मारा, म्हणूनच शेडजवळ भरलेले ड्रम हवेत, रिकामे नाहीत. माल पेटला असेल तर मागे व्हा आणि शेजारचे स्टॉल रिकामे करायला लावा.

भाजलं तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काहीही नको. अंगठी, बांगडी सूज यायच्या आधी काढा. डोळ्यात गेलं असेल तर चोळू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा कचरा. त्यात न वाजलेल्या लवंग्या, अर्धे जळलेले बॉम्ब असतात, पोरं तेच गोळा करून दारू काढतात आणि हात भाजून घेतात. मुलं उठायच्या आधी झाडून घ्या, सगळं पाण्यात बुडवून पुरतं भिजू द्या, मगच घंटागाडीत टाका. कोरडं टाकलं तर ते कचऱ्याच्या गाडीतही पेटू शकतं, आणि त्या गाडीवर काम करणारी माणसं तेव्हा जवळच उभी असतात.