पाणी मिसळलेले बायोडिझेल इंजिनवर कसे तपासावे

बायोडिझेलमध्ये पाणी असणे हा एरवी दोषच. आयएस १५६०७ या भारतीय मानकानुसार किलोमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक पाणी चालत नाही. मग त्यात मुद्दाम दहा टक्के पाणी घालायचे कशासाठी? टाकीच्या तळाशी साचलेले सुटे पाणी आणि तेलात एकदोन मायक्रॉनच्या थेंबांत अडकवलेले पाणी यांची वागणूक निराळी असते. बायोडिझेलमध्ये वजनाच्या सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असल्याने धूर कमी होतो, पण नायट्रोजन ऑक्साइड बहुधा थोडे वाढतात. अडकलेले पाणी फवाऱ्यातली उष्णता शोषून ज्वाळेचे तापमान उतरवते, आणि तेलाच्या आधी उकळून भोवतीचा तेलाचा थेंब आतून फोडते. त्यामुळे इंधन हवेत अधिक बारीक मिसळते आणि नायट्रोजन ऑक्साइड व धूर दोन्ही एकदम उतरण्याची शक्यता निर्माण होते. एरवी एक दाबला की दुसरा डोके वर काढतो.

असे बारीक थेंबांत पाणी अडकवलेले मिश्रण, म्हणजे इमल्शन, करण्यापूर्वी बायोडिझेल नीट धुतलेले आहे का ते पाहावे. बाटलीत समभाग पाणी घालून जोराने हलवावे. अर्ध्या तासात दोन स्वच्छ थर पडले नाहीत, तर त्यात साबण उरला आहे असे समजावे. हा साबण तेलात पाणी न धरता पाण्यात तेल धरतो, म्हणजे नेमके उलटे करतो. करंज तेलापासून केलेल्या बायोडिझेलची ही तपासणी कधीच टाळू नये, कारण त्या तेलात मुक्त आम्ले बरीच असू शकतात आणि त्यांचा साबण सहज होतो.

एक लिटरसाठी ८८० मिली बायोडिझेल, १०० मिली ऊर्ध्वपातित पाणी, आणि तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारे दोन पदार्थ, १७ ग्रॅम स्पॅन ८० व ३ ग्रॅम ट्वीन ८०, घ्यावे. या दोन पदार्थांच्या मिश्रणाचा एचएलबी अंक (कल पाण्याकडे किती व तेलाकडे किती हे सांगणारा अंक) सुमारे ५.९ येतो, आणि तेलात पाणी धरून ठेवण्यासाठी तो योग्य आहे. स्पॅन तेलात व ट्वीन पाण्यात विरघळवावे, मग होमोजिनायझर (जोराने घुसळणारे यंत्र) चालू असताना पाण्याची बारीक धार तेलात सोडावी; तेल पाण्यात ओतू नये. बोअरचे पाणी वापरण्याचा मोह सांगलीत तरी आवरावा, कारण कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात पाण्यातले क्षार नोझलवर, म्हणजे इंधन फवारणाऱ्या तोंडावर, बसतात. दुधी रंगाच्या तयार इमल्शनचा एक थेंब साध्या पाण्यात टाकावा. तो न पसरता गोळा राहिला, तर काम जमले. शंभर मिलीच्या मोजपात्रात रात्रभर ठेवून तळाला पाणी सुटते का ते पाहावे. आमच्या हातून एकदा ही पायरी राहिली आणि दुसऱ्या दिवशी फिल्टरच्या वाटीत तळाशी बोटभर पाणी सापडले.

चाचणीसाठी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आढळणारे एक सिलिंडरचे, १५०० आरपीएमचे, ५.२ किलोवॅटचे इंजिन पुरेसे आहे. ते आधी साध्या डिझेलवर तापवावे, थंड करणाऱ्या पाण्याचे तापमान स्थिर झाल्यावर तीन तोंडी कॉकने इमल्शनवर न्यावे आणि शून्य, २५, ५०, ७५ व १०० टक्के भारावर नोंदी घ्याव्यात. सर्वांत जास्त चुका इंधन मोजताना होतात. पूर्ण भारावर, कार्यक्षमता २८ टक्के धरली, तर १० मिली इमल्शन सुमारे १६ सेकंदांत संपते. घड्याळ दाबताना अर्धा सेकंद हुकला की तीन टक्क्यांची चूक होते, आणि आपण तर एकदोन टक्क्यांची सुधारणा शोधत असतो. म्हणून ५० मिलीचा ब्युरेट (मापाच्या खुणा असलेली काचनळी) घ्यावा व प्रत्येक नोंद तीनदा करावी.

हिशेबात पाण्याला इंधन समजू नये. बायोडिझेलचे उष्मांक मूल्य किलोमागे सुमारे ३७.५ मेगाज्यूल असते, पाण्याचे शून्य. त्यामुळे लिटरमध्ये मोजले तर इमल्शन अधिक खपणारच. तुलना कार्यक्षमतेची, म्हणजे मिळालेल्या शक्तीची आणि प्रत्यक्ष जळालेल्या ऊर्जेची असावी. पाण्याची बाष्पीभवन उष्णता किलोमागे २२५७ किलोज्यूल आहे. १०० मिलीसाठी ती सुमारे २२६ किलोज्यूल, म्हणजे लिटरभर इमल्शनच्या ऊर्जेच्या एक टक्क्याहूनही कमी भरते. तरीही परिणाम दिसतो, कारण ही उष्णता नेमकी ज्वाळेजवळच शोषली जाते.

नायट्रोजन ऑक्साइडची घट जास्त भारावर ठळक दिसते. कमी भारावर सिलिंडर थंड असतो, इंधन पेट घ्यायला उशीर करते, ठोक्याचा आवाज वाढतो, आणि कार्बन मोनॉक्साइड व न जळालेले हायड्रोकार्बन वाढू शकतात. केवळ पूर्ण भाराचे आकडे दाखवून इमल्शनची वाहवा करणारा तक्ता म्हणूनच अर्धवट मानावा. वायूंचे पीपीएम (दहा लाखांत किती भाग) आकडे किलोवॅट-तासामागे ग्रॅममध्ये बदलल्याशिवाय दोन इंधनांची तुलना करू नये.

इंजिन बंद करण्यापूर्वी दहापंधरा मिनिटे साध्या डिझेलवर चालवावे, म्हणजे पंपात व नोझलमध्ये इमल्शन राहून गंज धरणार नाही. उरलेले इमल्शन टाकीत परत ओतू नये.