मोठ्या संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

१२,३४,५६,७८९ ही संख्या घ्या. दिसायला अगदी भोळी, पण भल्याभल्यांना चकवते.

अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ने भाग जातो आणि १,३७,१७,४२१ उरतात. इथवर सगळे बरोबर येतात. मग कुणीतरी हमखास म्हणतं, ४५ला ५नेही भाग जातो, तर या संख्येलाही जाईल. नाही जात. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९पुरतीच; ५साठी एककाचा अंक बघायचा, आणि तो इथे ९ आहे. उरलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज २६ येते, तेव्हा ३चा विषय इथेच संपला.

खरी गोची पुढे आहे. ७, ११, १३ लावून पाहिले, शंभरपर्यंत गेलो, चिकाटी असेल तर हजारपर्यंत; भाग कशानेच जात नाही. कंटाळून आपण 'मूळ संख्या' असा शेरा मारतो. पण थांबायची जागा कंटाळ्याने नव्हे, वर्गमुळाने ठरते. १,३७,१७,४२१चं वर्गमूळ ३७०३च्या जरा पुढे आहे. पहिल्या ५०० मूळ संख्यांनी, म्हणजे ३५७१पर्यंत, भागून पाहिलंत तरी हाती काही लागत नाही. आणि मग ३६०७ने भाग जातो! दुसरा अवयव ३८०३. सतराव्या शतकातला गणिती फर्माही असाच फसला होता: ४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे असं तो धरून चालला, आणि १७३२ साली ऑयलर या गणितज्ञाने तिचा ६४१ हा अवयव काढून दाखवला.

विभाजक मोजताना ३, ३६०७, ३८०३ असे तीन अवयव बघून २×२×२ = ८ लिहू नका. ३ दोनदा आला आहे. प्रत्येक घातांकात, म्हणजे अवयव जितक्यांदा आला त्या संख्येत, १ मिळवून गुणायचं: ३×२×२ = १२.

आता यंत्राचं. याच संख्येचा वर्ग स्प्रेडशीटमध्ये काढलात तर १५२४१५७८७५०१९०५०० दिसेल. विषम संख्येचा वर्ग शंभराच्या पटीत? एक्सेल १५च अंक सांभाळतं, पुढे शून्यं भरतं. खरं उत्तर १५२४१५७८७५०१९०५२१. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, फक्त भागाकाराला दोन तिरक्या रेघा द्या. एकच दिलीत की उत्तर दशांशात जातं आणि शेवटचे अंक पुन्हा बिघडू शकतात.

पडताळ्याला अंकांची बेरीज करून बघा: खोट्या उत्तराची ६०, खऱ्याची ६३. आपल्या पहिल्या संख्येला ९ने भाग जातो तर तिच्या वर्गालाही जायलाच हवा, म्हणून ६० लगेच पकडली जाते. मात्र उतरवताना दोन अंकांची अदलाबदल झाली असेल, तर बेरीज तीच राहते आणि हा पडताळा काही बोलत नाही. तिथे ११ची कसोटी लावा, एककापासून एकाआड एक अधिक-उणे करत. शेजारशेजारचे दोन वेगळे अंक उलटे पडले असतील, तर तिची बाकी बदलतेच.